शेंगा सोलण्यावर करंडक मिळत नाही

“हे वाचायचं कुठून?” आवटी सरांनी विचारलं.

“उजवीकडनं, सर,” त्रिशला म्हणाली.

सरांनी तो अंक हातात तोलून पाहिला. टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाड, कागद भेळेच्या पुडीचा, वास यंत्राच्या तेलाचा. त्यांनी तो उजवीकडून उघडला, डावीकडून उघडला, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा नाकावर आणला. आत सगळी चित्रंच होती. चित्रांत टपोऱ्या डोळ्यांची माणसं, माणसांच्या तोंडापाशी फुगे आणि फुग्यांत उभी जपानी अक्षरं.

“आणि उजवीकडून वाचायचं हे तुला सांगितलं कुणी?”

“कुणी नाही सर. आधी महिनाभर मी डावीकडनंच वाचत होतो. त्यात एक माणूस पहिल्यांदा मरायचा, मग आजारी पडायचा, मग त्याला शर्यतीत बक्षीस मिळायचं. मला वाटलं, जपानी लोकांचं डोकं वेगळं चालत असेल. मग एका पानावर एक पोरगं खालनं वर झाडावर पडलं. तेव्हा शंका आली.”

“वाचत होते,” सर म्हणाले.

“काय सर?”

“मुलीनं ‘वाचत होते’ म्हणावं. परीक्षक पुण्याचे असतात.”

आमच्या भागात मुलीही ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात आणि त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. पण आवटी सरांनी तीस वर्षं इचलकरंजीच्या पोरांना पुण्याच्या परीक्षकांसाठी धुऊन, इस्त्री करून मंचावर उभं केलं होतं. त्या धुलाईचा सगळ्यात यशस्वी नमुना म्हणजे मी, दिग्विजय कोष्टी, तृतीय वर्ष कला. नाव आजोबांनी ठेवलं होतं आणि आवाज देवाने दिला होता; मधलं सगळं सरांचं.

ही गोष्ट दोन हजार चारच्या फेब्रुवारीतली. मिरजेच्या एका कॉलेजात दरवर्षी कै. दादासाहेब मुळीक स्मृती करंडक वक्तृत्व स्पर्धा व्हायची. करंडक फिरता. जिंकायचा, वर्षभर प्राचार्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात ठेवायचा, पुढच्या वर्षी परत न्यायचा. मात्र एखाद्या कॉलेजने तो सलग तीन वर्षं जिंकला तर कायमचा त्यांचा. आवटी सरांच्या आयुष्यात दोन वर्षांपर्यंत मजल याआधी दोनदा गेली होती. पहिल्यांदा तिसऱ्या वर्षी वक्त्याला गालगुंड झालं. दुसऱ्यांदा एसटी अंकलीच्या पुलावर बंद पडली. आता पुन्हा आमच्याकडे सलग दोन विजय होते आणि सर त्याच महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होते. प्राचार्यांच्या कपाटातली मधली फळी त्यांनी शिपायाकडून आधीच रिकामी करून घेतली होती. तिथल्या तीन हॉकीच्या ढाली कुठे गेल्या ते क्रीडा विभाग अजून शोधत होता.

संघ दोघांचा. दोघांचे गुण एकत्र धरायचे. मी आणि वैजयंता. पण वैजयंताचा साखरपुडा नेमका स्पर्धेच्या रविवारी ठरला. तारीख बदलून घ्यायला सर तिच्या घरी गेले, आणि पोहे खाऊन, होणाऱ्या जावयाचं कौतुक करून परत आले. प्रवेशपत्रिका महिनाभर आधी गेलेली, त्यात तिसरं नाव राखीव म्हणून त्रिशला मगदूमचं. राखीव नाव हे लग्नपत्रिकेतल्या ‘आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं’ सारखं असतं. ते कुणी मनावर घेत नाही. त्रिशला एकदाच वक्तृत्व मंडळात आली होती. सर तिला म्हणाले होते, “आवाज चढव.” ती म्हणाली होती, “माइक आहे की सर.” त्यानंतर तिला कुणी बोलावलं नव्हतं.

स्पर्धेचा विषय होता ‘मला भेटलेलं पुस्तक’. सरांनी एका रात्रीत तिच्यासाठी भाषण लिहून काढलं. एका थोर समाजसेवकाच्या आत्मचरित्रावर. तिने ते वाचलं, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं.

“हे पुस्तक मी वाचलेलं नाही, सर.”

“कोष्टीनं तरी कुठं त्याचं वाचलंय?” सर म्हणाले.

हे खरं होतं. मी आठ पुस्तकांवर बोलून पाच पहिली बक्षिसं मिळवली होती, आणि त्यातल्या एकाचंही मुखपृष्ठ ओळखलं नसतं.

“मी मला भेटलेल्या पुस्तकावर बोलतो,” ती म्हणाली, आणि पिशवीतून तो अंक काढला.

तो अंक तिला कसा भेटला, तेही इचलकरंजीतच घडू शकतं. जपानमध्ये माग जुने झाले की आमच्याकडे ते नवे म्हणून येतात. त्रिशलाच्या वडिलांनी असेच काही माग घेतले होते. लाकडी खोक्यांत यंत्रांच्या भागांना धक्का लागू नये म्हणून तिकडच्या माणसांनी मधेमधे जुने चित्रकथांचे अंक कोंबले होते. ‘मांगा’ म्हणतात त्यांना. बाकीच्या कारखानदारांनी ते रद्दीत घातले. त्या हिवाळ्यात आमच्या गावात भेळ खाऊन झाली की पुडीच्या तळाशी एक टपोऱ्या डोळ्यांची पोरगी तुमच्याकडे रडवेलं बघत असायची. त्रिशलाने आपल्या वाटणीचे अंक वाचवले. अक्षर एक कळत नव्हतं. नुसत्या चित्रांवरून ती गोष्टी लावायची. पुण्याच्या तिच्या मावसभावाला हे कळल्यावर त्याने जपानी कार्टून सिनेमाची एक सीडी पाठवली.

“त्यात काय असतं?” मी विचारलं होतं.

“एक पोरगी बाहेर जायला निघते. दारात बसते, बूट घालते. एक घालते, मग दुसरा घालते, मग पाय जरा आपटून बघते, नीट बसलाय काय ते.”

“मग?”

“मग जाते.”

“यात काय आहे?”

“आपल्या पिक्चरमध्ये आजपर्यंत कुणाला पूर्ण बूट घालताना बघितलंयस?”

मी विचार केला. नव्हतं बघितलं.

सरांसमोर पर्याय नव्हता. राखीव नाव एकच होतं. त्यांनी मोठ्या मनाने जपान स्वीकारला आणि दुसऱ्या दिवशी नवं भाषण लिहून आणलं. सुरुवात अशी होती: ‘सूर्यनारायण ज्या भूमीवर आपलं पहिलं पाऊल टेकवतो, त्याच भूमीवर मानवाने आपल्या क्रौर्याचं शेवटचं पाऊल टाकलं...’

“हे कशाबद्दल आहे सर?”

“अणुबॉम्बबद्दल.”

“या गोष्टीत अणुबॉम्ब नाही, सर.”

“जपान म्हटलं की अणुबॉम्ब आलाच पाहिजे. परीक्षक वाट बघत असतात.”

“यात एक पोरगी आणि तिची आई शेंगा सोलतात.”

“कसल्या शेंगा?”

“मटारासारख्या आहेत. जरा मोठ्या.”

“त्रिशला,” सर फार शांतपणे म्हणाले, “शेंगा सोलण्यावर करंडक मिळत नाही.”

मग तिने ती पानं उघडून दाखवली. समोरासमोरची दोन. डोंगरातल्या गावातलं लहानसं घर. मागच्या पानांवर त्या मुलीचे वडील गेलेले असतात, हे जपानी न येताही कळत होतं: काळे कपडे, फोटो, उदबत्ती, वाकून नमस्कार करणारे शेजारी. आता सगळे गेलेत. मायलेकी समोरासमोर बसल्यात, मधे टोपली. शेंग उचलायची, सोलायची. बोटं. टोपली. खिडकीबाहेर तारेवर एक कावळा. पुन्हा बोटं. एक दाणा घरंगळत कपाटाखाली जातो. दोघी कपाटाकडे बघतात. कुणी उठत नाही. दोन पानं झाली, पण एक फुगा नाही, एक अक्षर नाही.

“नवरा गेलाय, बाप गेलाय, आणि कुणी रडत नाही?” मी म्हणालो.

“रडून झालंय. हे त्याच्यानंतरचं आहे. आपल्या गोष्टींत ते नंतरचं नसतंच. आपल्यात रडलं की संपलं.”

“पुढच्या पानावर काय आहे?” सरांनी विचारलं. मला वाटतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिने पान उलटलं. आईच्या तोंडापाशी एक छोटा फुगा होता. आणि खालच्या चित्रात दोघी हसत होत्या, चांगल्या पोट धरून.

“काय म्हणते आई?”

“मला जपानी येत नाही, सर.”

“मग आपण घालू काहीतरी. ‘बाळ, अश्रू पूस आणि उद्याच्या सूर्याकडे बघ.’”

“यावर कुणी हसेल काय सर?”

तह झाला तो असा: सुरुवातीला अणुबॉम्ब, मधे शेंगा, शेवटी विश्वशांती. शेंगांपाशी त्रिशला म्हणाली, “इथं मी गप्प राहणार.”

“किती वेळ?”

“दोन पानं.”

“वक्तृत्व स्पर्धेत गप्प राहायचं असेल तर माणसानं घरी राहावं. तिकीट वाचतं.”

“घरी कुठलं सर. आमच्याकडं चोवीस माग आहेत. लाईट गेल्यावरच शांत होतं, आणि लाईट गेली की बाबा ओरडायला लागतात. गप्प म्हणजे काय, ते मी या पानांवरच बघितलं.”

“एक आवंढा,” सर म्हणाले. “एक आवंढा गिळण्याएवढं थांबायचं. त्याला नाट्यमय विराम म्हणतात. कोष्टी, दाखव.”

मी दाखवला. माझा आवंढा जिल्ह्यात प्रसिद्ध होता.

रविवारी आम्ही मिरजेला गेलो. करंडक सरांच्या मांडीवर, जुन्या धोतराच्या पिशवीत. सभागृह गच्च भरलेलं. बाकावर सर मधे, मी एका बाजूला, त्रिशला दुसऱ्या बाजूला. आमच्यामागेच सांगलीचे प्राध्यापक बेडगे आपले दोन वक्ते घेऊन बसले होते. दोन वर्षं दुसरे आल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एक कायमचं मंद स्मित आलं होतं.

निवेदिकेने नियम वाचले. त्यातला एक असा: स्पर्धक बोलत असताना त्याच्या संघातल्या कुणीही, मार्गदर्शकासह, प्रेक्षागृहातून तोंड उघडल्यास तो संघ करंडकातून बाद. सरांनी मान डोलावली. हा नियम काही वर्षांपूर्वी त्यांच्याच तक्रारीवरून आला होता. बेडगे आपल्या मुलांना खोकून खुणा करतात असं त्यांचं म्हणणं होतं.

माझा नंबर आधी लागला. काय सांगू! सात वेळा टाळ्या पडल्या. शेवटच्या वाक्याला मी पोडियमवर मूठ आपटली तर माइकने मान टाकली. पुण्याहून आलेले मुख्य परीक्षक, एक निवृत्त प्राचार्य, डोळे मिटून मान डोलवत होते. मी जागेवर येऊन बसलो तेव्हा सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आता फक्त हिनं पडू नये,” ते पुटपुटले. “जिंकायला नको. नुसतं पडू नये.”

त्रिशला मंचावर गेली. माइक सरळ केला. ‘सन्माननीय व्यासपीठ’ वगैरे म्हणाली. अणुबॉम्ब टाकला, पण फार हळू टाकला. कुणाला लागल्यासारखं वाटलं नाही. मग तिने भेळेच्या पुडीबद्दल सांगितलं, झाडावर खालून वर पडणाऱ्या पोराबद्दल सांगितलं, बूट घालणाऱ्या मुलीबद्दल सांगितलं. यातलं एकही सरांनी लिहिलेलं नव्हतं. पण सभागृह हसलं. एकदा, दोनदा. सर सावरून बसले. मागे बेडगे खोकले.

“...सगळे लोक गेलेले असतात,” ती सांगत होती. “मायलेकी समोरासमोर बसतात. मधे शेंगांची टोपली. आणि मग दोन पानं...”

ती थांबली.

एक आवंढा झाला. सरांनी मान हलवली: चल, पुढे. दुसरा आवंढा झाला. ती उभी होती. हात पोडियमवर, नजर कुठेतरी मधल्या हवेत. सर ओठांनी, आवाज न करता, पुढचं वाक्य म्हणायला लागले. तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही.

“सर,” मी कुजबुजलो, “ती दोन पानं करतीय.”

“माहीत आहे मला,” सर दात न उघडता म्हणाले.

वक्तृत्व स्पर्धेत गप्प झालेला माणूस म्हणजे विसरलेला माणूस. तिसरा अर्थ नाहीच, दुसराही नाही. आणि विसरलेल्या माणसासाठी आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. आधी पहिल्या रांगेतल्या बाया ‘अगं बाई’ असा चेहरा करतात. मग यजमान कॉलेजची एक मुलगी पाण्याचा ग्लास नेऊन ठेवते. तसा तो आला. त्रिशलाने ग्लासाकडे बघितलं आणि राहू दिला. मग मागच्या बाकांवरून कुणीतरी दयेने टाळी वाजवायला सुरुवात करतं. ती टाळी म्हणजे, ‘पोरी, पुरे झालं, आता उतर.’ एकदा ती टाळी सुरू झाली की मंचावर कुणी टिकत नाही. मी मोठमोठे वक्ते त्या टाळीने पायऱ्या उतरताना पाहिलेत.

ती टाळी सुरू झाली. आधी दोन-चार हात, मग एक रांग, मग अर्धं सभागृह. फार प्रेमळ टाळी होती. मी मागे वळून पाहिलं. बेडगे सगळ्यांत प्रेमाने वाजवत होते.

त्रिशलाने पहिल्यांदाच मान खाली घातली. तिचा एक पाय पोडियमच्या मागून बाजूला आला. उतरायच्या बाजूला.

सर उठायला लागले. मी त्यांच्या कोटाचं टोक धरलं. “सर, नको. नियम.” त्यांनी कोट हिसकला. मला वाटलं, आता हा माणूस पुढचं वाक्य ओरडून सांगणार. तीस वर्षं शुद्ध, घोटीव, पुण्याला चालेल अशी मराठी बोललेले आवटी सर उभे राहिले, मागे वळले आणि दोन्ही हात वर करून सगळ्या सभागृहावर ओरडले:

“गप बसा की रं! पोरगी वाचाय लागलीय न्हवं!”

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. पुण्याच्या परीक्षकांनी डोळे उघडले. सर उभेच होते. मग तेही हळूच खाली बसले.

आणि मग ते खरोखरच झालं. तेवढी माणसं एका खोलीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. डोक्यावरचा पंखा दर फेरीला एकदा कुरकुरत होता, हे सकाळपासून कुणाला ऐकू आलं नव्हतं. बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली. पहिल्या रांगेतल्या एक बाई मांडीवरच्या पर्सचा बंद बोटांत गुंडाळत होत्या, उलगडत होत्या. त्रिशलाचा पाय परत पोडियमच्या मागे गेला. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. घंटा वाजवायला बसवलेला मुलगासुद्धा घंटेकडे न बघता तिच्याकडे बघत होता.

“मग एक दाणा कपाटाखाली जातो,” ती म्हणाली. माइक होता, त्यामुळे तिने आवाज चढवला नाही. “दोघी बघतात. उठत कुणीच नाही. मग आई काहीतरी म्हणते आणि दोघी हसायला लागतात. आई काय म्हणाली, ते मला अजून कळलेलं नाही, कारण मला जपानी येत नाही. एवढंच मला सांगायचं होतं.”

विश्वशांती राहूनच गेली.

निकाल दुपारी लागला. वैयक्तिक पहिलं बक्षीस मला. आमचा संघ करंडकातून बाद. मार्गदर्शकाने प्रेक्षागृहातून तोंड उघडल्याबद्दल. परीक्षकांनी हे फार खेदाने सांगितलं, आणि त्याच खेदात पुढे म्हणाले, “उत्तेजनार्थ बक्षीस, कुमारी त्रिशला मगदूम. ऐन भाषणात विस्मरण होऊनही धीर न सोडल्याबद्दल.”

त्रिशला बक्षीस घ्यायला वर गेली तेव्हा तिच्या कानाशी परीक्षक मोठ्या मायेने काहीतरी बोलले. खाली आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले?

“शंखपुष्पी घे म्हणाले.”

करंडक सांगलीला गेला. तो सरांनीच द्यायचा होता. धोतराच्या पिशवीतून काढून त्यांनी तो बेडग्यांच्या हातात दिला. फोटो निघाला. मग सरांनी बेडग्यांना बाजूला घेतलं आणि मी पुढे झालो, कारण मला वाटलं आता भांडण होणार.

“डावा कान ढिला आहे,” सर सांगत होते. “कानाला धरून उचलू नका. आणि चिंचेनं घासायचा नाही, मुलामा जातो. राखुंडी घ्या, तीही चाळून.”

“बरं,” बेडगे म्हणाले. मग जरा थांबून, “आवटी, तुम्ही उठलात कशाला? पोरगी बोलली असती की पुढं.”

“तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्यात?”

बेडग्यांनी करंडकाकडे बघितलं. “आता नियमच आहे तसा,” असं काहीतरी म्हणाले आणि गेले.

मिरजेच्या स्टँडवर आम्ही तिघं बाकावर बसलो. रिकामी पिशवी सरांनी चौकोनी घडी घालून खिशात ठेवली होती. शेंगदाणेवाले, पेपरवाले, स्पीकरवर कुठल्या ते न कळणाऱ्या गाडीची घोषणा. त्रिशला बराच वेळ नखं बघत होती.

“सर, माझ्यामुळं गेला करंडक.”

“तुझ्यामुळं कसा? तोंड मी उघडलं.”

“मग का उघडलं, सर?” हे मी विचारलं. पहिलं बक्षीस माझ्या मांडीवर होतं आणि त्याचं मला काय करावं कळत नव्हतं.

चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसावा तसा सरांनी तो कोटाच्या कोपऱ्याने पुसला. मग समोरच्या फलाटाकडे बघत म्हणाले, “आमची ही गेली ना तीन वर्षांपूर्वी, तेव्हा शोकसभा कॉलेजातच झाली होती. मीच बोललो. पाऊण तास. लोक म्हणाले, आवटी, असं भाषण आजवर झालं नाही. मलाही वाटलं, चांगलं झालंय. मग घरी गेलो.”

आम्ही थांबलो.

“पाहुणे गेलेले. मंजू आणि मी, दोघंच.” मंजू सरांची मुलगी. “ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालाय बसली. मीपण बसलो. एक चादर तिनं तिकडनं धरली, मी इकडनं. ती काही बोलेना. मला काही सुचेना. मला, त्रिशला! मग ते सोसेना म्हणून मी उठून रेडिओ लावला. उसावरच्या खोडकिडीची माहिती चाललेली. आम्ही दोघांनी ती पूर्ण ऐकली. कुठलं औषध, पाण्याच्या किती लिटरला किती, मला अजून पाठ आहे.”

एक गाडी आली, दुसऱ्याच गावाची. गेली.

“लावायला नको होता रेडिओ,” सर म्हणाले. “तिला बहुतेक काहीतरी म्हणायचं होतं.”

मग त्यांनी हात पुढे केला. “बघू तो अंक.”

त्रिशलाने पिशवीतून अंक काढला, ती पानं उघडली आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. सरांनी चष्मा चढवला. ते वाचायला लागले. आता जिथे अक्षर नाही तिथे वाचायला कितीसा वेळ लागतो? पण ते एकेका चौकटीवर थांबत होते. बोटं. टोपली. कावळा. पुन्हा बोटं.

इचलकरंजीची गाडी लागली. कंडक्टर दारात उभा राहून गावाचं नाव ओरडायला लागला. मी सरांची छत्री उचलली, माझं बक्षीस उचललं.

“सर, गाडी.”

सरांनी मान वर केली नाही. त्यांचं बोट कपाटाखाली गेलेल्या दाण्यावर होतं. मी त्रिशलाकडे बघितलं. तिने नुसती ‘नको’ अशी मान हलवली.

“येताय काय न्हाई?” कंडक्टरने विचारलं. एक म्हातारा बाकावर चित्रांचं पुस्तक बघतोय, एक मुलगी त्याच्याकडे बघतेय आणि एक मुलगा छत्री घेऊन उभा आहे, यावरून त्याला काय कळलं कोण जाणे. त्याने दोनदा घंटी ओढली. गाडी गेली. पुढची तासाभराने होती.

बोलायला मला तीन वाक्यं सुचली होती. तिन्ही टाळ्यांची होती. मी छत्री खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसलो.